तपासणीचं पाणी

सेनगावच्या स्टँडवर आकांक्षा एसटीची वाट पाहत बसली होती. शेजारच्या बाकावर साखरा गावचे सोनाजी आणि त्यांची बायको गोजरबाई पाण्याची बाटली मधे ठेवून भांडत होते.

"आपल्या बोअरमधी फ्लोराईड हाय. नातीचे दात पिवळे पडले. ते फ्लोराईड धरून ठेवणाऱ्या खास मातीची टाकी बसणार व्हती गावात. अन् तू तपासायला जारचं पाणी धाडलं!" सोनाजी कावून म्हणाले.

"मंग? सायबाला बोअरचं देऊ? घरी पाव्हणा आला तं जारचंच देतो ना आपण?"

"अवं, सायेब ते पेत न्हाईत. मशीनीत टाकतेत!"

"तरी 'पाणी उत्तम' म्हणलेच ना?"

"म्हणूनच टाकी दुसऱ्या गावाला चालली, बाई!"

आकांक्षानं गळ्यातलं प्रयोगशाळेचं ओळखपत्र हळूच ओढणीखाली सरकवलं.

"आता काहून वरडून राहिले? ह्या बारीला बोअरचंच भरलं."

"बराबर?"

"नातीची आन."

सोनाजीनं झाकण उघडून वास घेतला.

"गोजर, विलायचीचा वास काहून येऊन राहिला?"

"एकच तं टाकली. सायेब पेत न्हाईत म्हणता, पर एखाद्यानं पेलंच तं?"