सूज हवी म्हणे

...आणि वर म्हणतात, सूज हवी! तुम्हाला सांगते, जन्मभर मला एवढंच ठाऊक की सूज आली की ती उतरवायची. गुडघा सुजला की गोळी, गाल सुजला की गोळी, आणि आता कंबरेचे दोन मणके एकमेकांना जोडलेत, मध्ये माझ्याच खुब्याचं हाड किसून भरलंय, बाजूने स्क्रू पिळलेत, कुशीवर वळायचं तर देवाचा धावा करतेय... आणि गुडघ्याची ती गोळी मागितली तर डॉक्टर म्हणतात, "काकू, ती नको. दुखण्यावर दुसरी देतो. सूज आत्ता दाबायची नाही." सूज हवी म्हणे!

म्हटलं, अहो, स्क्रू आहेत ना? तर म्हणे, स्क्रू नुसते धरून ठेवतात, जोडायचं काम शरीराचं. रोगाशी लढणाऱ्या पेशी असतात ना, त्या आधी धावत येतात, तुटकंफुटकं उचलतात, गोंधळ घालतात, तीच सूज, आणि मग त्याच हाड बांधणाऱ्या पेशींना हाका मारतात. त्यांनाच गप्प बसवलं तर पुढच्यांना बोलावणार कोण? म्हटलं, आणि हाड नाही जुळलं तर? तर म्हणे, पुन्हा ऑपरेशनच्या टेबलावर.

आता मला सांगा, न बोलावता धावत येणारं, गोंधळ घालणारं, सगळ्यांना हाका मारणारं... हे कोण? अहो, आमच्या थोरल्या जाऊबाई! एका घरात होतो तेव्हा, चार बिऱ्हाडं आणि एक न्हाणीघर. बाळंतपण माझं, तर यांनी आधी माझं स्वयंपाकघर उपसलं! डबे पालथे, भांडी अंगणात, "अगं, ही कढई घासतेस की नुसतं पाणी दाखवतेस?" मी पलंगावर दातओठ खात पडलेली. पण संध्याकाळपर्यंत घर लख्ख, शेजारच्या चौघी कामाला जुंपलेल्या, आणि माझ्या उशाशी गरम दूध. किती चिडायचे मी! आणि त्या गोंगाटात किती गाढ झोपायचे... तशी झोप पुन्हा नाही लागली हो. मग ते घर विकलं, चार बिऱ्हाडं चार दिशांना. आता घरात इतकी शांतता, की फ्रिज बंद झाला तरी कळतो.

ऑपरेशनचं मी त्यांना कळवूच दिलं नव्हतं. म्हटलं, गडबड नको. पण आमचे हे! 'सूज हवी म्हणे' ऐकलं आणि लावला जाऊबाईंना फोन. दुसऱ्या दिवशी जिन्यातूनच आवाज, "वाकू नकोस गं, मी आले." आल्या आल्या डबे पालथे! पुतण्याला बोलाव, भाचीला बोलाव, माझा हात धरून मला खोलीभर चालव, चुकलं की ओरड... आणि मी? दुपारी घोरत होते म्हणे, हे सांगतात.

काल दीड महिन्यानंतरचा एक्स-रे पाहून डॉक्टर म्हणाले, "छान. हाड धरतंय." म्हटलं, आणि त्या गोंधळ घालणाऱ्या पेशी? तर म्हणे, काम झालं की आपोआप निघून जातात. म्हटलं, "डॉक्टर, जरा हळू बोला. बाहेर जाऊबाई बसल्यात." 'हाड जुळलं की मी निघाले,' असं त्यांनी येतानाच बजावलंय ना!

बाहेर आले. त्यांनी विचारलं, "काय म्हणाले गं?"

आता काय सांगणार तुम्हीच सांगा! म्हटलं, "सूज आहे अजून." झालं... आता बसा कण्हत!