उशाशी हिरवा दिवा

भाऊ: प्लग काढू नकोस, ताई. तेवढा एक राहू दे.

ताई: खोली रिकामी करायला तूच बोलावलंस ना मला? बाबांचा पलंगसुद्धा गेला. या डबीत आता काय ठेवलंय?

भाऊ: त्यांनी बटण दाबलं असेल, तर तो निरोप असेल तिच्यात. वायफाय नसलं की धरून ठेवते, मिळालं की माझ्या फोनवर पाठवते.

ताई: अरे, डॉक्टर म्हणाले ना, पहाटे झोपेतच गेले म्हणून. कशाला दाबतील?

भाऊ: तेच बघायचंय. दाबलं नसेल तर मी सुटलो.

ताई: पण वायफाय नव्हतं म्हणजे काय? शेजारच्या काकूंचं वापरायचास ना?

काकू: (दारातून) मीच बदलला गं पासवर्ड. वरचे भाडेकरू दिवसभर आमच्या वायफायवरच सिनेमे बघत बसायचे. या डबीचं डोक्यातच आलं नाही बघ.

भाऊ: तुमचं काय चुकलं, काकू? स्वस्तात होतंय म्हणून मीच चिकटलो तुम्हाला. काडेपेटीएवढा बोर्ड, एक बटण, एक दिवा, घरीच जोडलं सगळं. ऑफिसात केवढा मिरवलो मी! आणि त्या रात्री फोन वाजला नाही म्हणून निवांत झोपलो.

काकू: त्यांनाही भारी कौतुक रे. येईल त्याला दिवा लावून दाखवायचे.

ताई: आणि हा ओरडायचा त्यांच्यावर.

भाऊ: सारखं दाबायचे गं. ऐन मीटिंगमध्ये फोन वाजायचा. शेवटी म्हटलं, बाबा, एकदाच दाबायचं. हिरवा दिवा लागला की समजा, मी निघालो.

ताई: मग झालं तर. वायफाय नव्हतं, म्हणजे दिवाही लागला नसेल.

भाऊ: लागला असता.

ताई: तो कसा?

भाऊ: बटणालाच जोडलाय तो. निरोप पोचल्यावरच लागेल असं करायचं होतं, पण त्याला आणखी खटपट होती. नंतर करू म्हटलं. राहून गेलं.

काकू: जाऊ दे रे बाळा. कशाला उकरतोस?

ताई: बरोबर आहे काकूंचं. काढते मी प्लग.

भाऊ: थांब. काकूंच्या वायफायचंच नाव, जुनाच पासवर्ड टाकून माझ्या फोनचं वायफाय चालू केलंय. जोडली जाईल आता.

(फोन वाजतो.)

ताई: काय आलं? बोल ना रे.

भाऊ: दाबलं होतं त्यांनी. आदल्या संध्याकाळची वेळ आहे.

काकू: अरे देवा. मी भिंतीपलीकडेच तर होते.

ताई: आणखी बघ. रात्रभरात परत दाबलं असेल.

भाऊ: नाही. एकदाच.

ताई: असं कसं? कोणी येत नाही म्हटल्यावर माणूस परत दाबेल ना?

भाऊ: दिवा लागला होता ना, ताई.