कपाटाचं दार लागल्यावर

डेल्फिना: तोंड खिडकीकडे करा, बाई. अंधारात तुमचे ओठ दिसत नाहीत, आणि ओठ दिसले नाहीत तर या बहिरीला काय कळणार?

एर्सिल्याबाई: हं, केलं. आता सांग. सावकाश, पहिल्यापासून. शाळेत सांगायचीस तसं.

डेल्फिना: नीवेस पडद्यावरून माझ्याशी बोलते.

एर्सिल्याबाई: तुझी बहीण मार्चमध्ये गेली, पोरी. आणि सिनेमा मुका आहे. मोलकरीण होऊन ती दार लोटते, पडद्यावर अक्षरांची पाटी येते, "बाईसाहेब, साहेब आले!" मग ती कपाटात लपते. एवढंच.

डेल्फिना: पाटी सगळ्यांसाठी. गुरुवारी ती मला म्हणाली, "डेल्फी, माझा कोट तुला सैल होतो." हा कोट आईनं मला बुधवारी दिला.

एर्सिल्याबाई: किती वेळा शिकवलंय? अर्धं डोळे वाचतात, उरलेलं मन भरतं. आणि मन दुःखात असलं, की ते वाटेल ते भरतं.

डेल्फिना: काल म्हणाली, "कपाटात जाऊ नकोस." हे माझ्या मनानं कुठून आणलं?

गास्पारे: मास्तरीणबाई, थेटर उघडायचंय मला, खेळाची वेळ झाली! बसायचं तर पुढं बसा. या सिनेमाचं मूळ नाटक पॅरिसात तीनशे रात्री चाललं, नुसती बडबड! आपल्या तोरीनोच्या सिनेमा कंपनीनं तोंडं मिटून त्याहून जास्त हसवलंय.

एर्सिल्याबाई: गास्पारे, दोन मिनिटं थांब.

गास्पारे: दोनच हं. तिसऱ्या मिनिटाला माझा पियानोवाला घोरायला लागतो.

एर्सिल्याबाई: हे बघ, डेल्फिना. उद्या कंपनीचा माणूस सही घ्यायला येतोय. नीवेससारखाच तुझा चेहरा, तीच मोलकरीण, पुढचा सिनेमा. जिथं कुणीच बोलत नाही, तिथं तू कुणापेक्षा कमी नाहीस. यासाठी दोन महिने मी त्यांचे उंबरे झिजवले. नीवेसलाही मीच लावलं होतं तिथं.

डेल्फिना: आणि तिच्यासारखं त्याच कपाटात शिरायचं. तिला काय झालं होतं, बाई?

एर्सिल्याबाई: ताप. कंपनीचं पत्र आलं ना.

डेल्फिना: त्या सकाळी दुधात बुडवून दोन पाव खाल्ले तिनं. संध्याकाळी पत्र. ताप आलेलं माणूस दोन पाव खातं?

एर्सिल्याबाई: ...

डेल्फिना: तुमचे ओठ हलले नाहीत.

एर्सिल्याबाई: नाही हलले. बरं, मी बघते. ओठ वाचायला तुला मीच शिकवलं, आणि तुला समजेल असं सुटं सुटं बोलायला तिला. ती पाटीवरचंच बोलली, तर उद्या सही करशील?

डेल्फिना: करीन. मी डोळे मिटून बसते. नंतर म्हणाल, माझ्या तोंडाकडे बघून तुम्हाला भास झाला.

(दिवे मालवतात. पियानो. हशा, मग मोठा हशा. दिवे लागतात.)

डेल्फिना: उजेड आला. डोळे उघडले मी, बाई. काय म्हणाली ती?

एर्सिल्याबाई: कंत्राटाचा कागद दे.

डेल्फिना: म्हणजे सही करायची?

एर्सिल्याबाई: दे म्हणते ना.

गास्पारे: अहो, अहो! फाडताय काय? आत्ताच झाडून घेतलंय मी!

एर्सिल्याबाई: डेल्फिना, माझ्याकडे बघ. ती म्हणाली, "बाई, तिला तरी आत पाठवू नका." शब्द न् शब्द सुटा. मी शिकवला होता तसा.

गास्पारे: कोण म्हणाली?

एर्सिल्याबाई: मोलकरीण. कपाटाचं दार लागल्यावर तिचं तोंड पडदाभर येतं ना, तेव्हा.

गास्पारे: दार लागल्यावर? मास्तरीणबाई, तिथं कुणाचंच तोंड नाही. नुसतं बंद कपाट. आतून कुणी धडका देतंय तसं गदागदा हलतं, मग हळूहळू थांबतं. लोक सगळ्यात जास्त हसतात ते त्यालाच.

डेल्फिना: काय म्हणाला तो? खाली वाकून कपटे वेचत होता, मला दिसलं नाही.

एर्सिल्याबाई: काही नाही, बाळ. कोट घाल. उजेडात चल.