हरीण की झाड

गाडीची भरपाई मिळणार नाही हे डेलबर्टला कळलं, तेव्हा आल्विन विमा कचेरीत त्याच्यामागेच बसला होता. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनात हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू होता. आल्विनची बायको लोर्ना उन्हाळ्यात वारली होती. तिचं नाव गाडीच्या पॉलिसीतून काढायला तो आला होता.

"हरीण आडवं आलं, मी चाक वळवलं, गाडी झाडावर गेली. पॉलिसीत हरीण आहे ना, जोडी?" डेलबर्टने टेबलामागच्या विमा एजंटला विचारलं.

"हरणाला धडकला असतात तर कॉम्प्रिहेन्सिव्ह विम्यातून मिळालं असतं; त्यात जनावरं येतात. झाडाला टकरीचं कलम, कोलिजन, लागतं. ते तुम्हीच बंद केलंत."

"म्हणजे हरणाला उडवायला हवं होतं?"

"विम्यापुरतं, हो."

"जन्मभर हरणं मारलीस," शेजारी बसलेली त्याची बायको इर्मा म्हणाली, "आणि नेमकं हेच वाचवलंस!"

"हातात बंदूक नव्हती गं."

"असती तरी गोळी झाडालाच लागली असती. ऊठ, चालत घरी जाऊ."

"एवढं लांब?"

"तुला शिव्या घालायला तेवढा रस्ता लागेलच."

दोघं भांडतच बाहेर पडली.

"बोला आल्विन, काय काम होतं?" जोडीने विचारलं.

"काही नाही. कोलिजन चालू आहे ना, एवढंच बघायचं होतं."

"आहे. दोघांच्याही नावावर."

"राहू दे."

लोर्नाचं नाव काढायचं राहिलं.