कोळंबीचं चौथं बाळंतपण

...आणि म्हणे, "साहेब, तुमच्याकडे स्वच्छता कमी पडते!" मला? तुम्हाला सांगतो, मी दातांच्या डॉक्टरांकडे वीस वर्षं हत्यारं उकळतोय, माझ्या हातून गेलेल्या चिमट्यावर बोट ठेवायची कुणाची टाप नाही, आणि हा माशांचा दुकानदार मला शिकवतो!

कोळंबी म्हणजे ताटातली नव्हे हो. ही पाळायची, नखाएवढी, लालचुटुक. तिच्यासाठी काचेची टाकी, आत पाणवनस्पती, वर दिवा, मागे पाणी गाळणारा काळा डबा... कशासाठी? पिल्लं बघायची म्हणून! मादी पोटाखाली अंडी घेऊन महिनाभर फिरते, पायांनी त्यांना वारा घालते, मी कामावरून आलो की बूट न काढता टाकीपुढे... आणि एक दिवस पोटाखालची अंडी नाहीशी, पण पिल्लू? एक नाही! तीन वेळा हेच. सांगा, माझं काय चुकलं?

मेहुणा म्हणाला, मोठ्याच खात असतील, म्हणून दोन दिवस रजा टाकून पहारा दिला, तर त्या बिचाऱ्या शेवाळ खुडत बसलेल्या. दुकानदार म्हणाला, स्वच्छता. अहो, मी तर पहिल्यापासून दर रविवारी डबा उघडून आतला स्पंज नळाच्या धारेखाली पिळून पिळून नव्यासारखा करायचो. माझं काय चुकलं?

चौथ्या खेपेला बायकोने निक्षून सांगितलं, या वेळी एक तरी पिल्लू दाखवा, नाहीतर तिथे माझं शिलाई मशीन येईल. दोन वर्षं ते कॉटखाली पडलंय, तिचंही बरोबर आहे. अंडी फुटली. पिल्लू नाही.

रविवार उजाडला आणि नळाला पाणी नाही! म्हणून पांढऱ्या टबात टाकीतलंच पाणी घेऊन त्यात स्पंज पिळला. गाळ खाली बसला... आणि चालायला लागला. वाकून बघतो तर तांदळाच्या कणीएवढी पिल्लं, चाळीस तरी, प्रत्येकाला पाय, मिशा, सगळं! बायकोला हाक मारली, आणि मग डोक्यात प्रकाश पडला. सहा महिने... दर रविवारी... नळाखाली... मी तिथेच मोरीत बसलो. तीन बाळंतपणं मी या हातांनी धुऊन टाकली हो.

बायको येऊन टबाकडे बघत राहिली, मग माझ्याकडे.

दुकानदाराला फोन केला. "अहो, पाणी ओढणाऱ्या डब्याच्या नळीला जाळी नाही लावली? पिल्लं पाण्याबरोबर आत जातात, ते तर सगळ्यांना माहीत असतं!" सगळ्यांना! मग मी कोण? वर म्हणतो, आता काचेवरचं शेवाळही पुसायचं नाही, पिल्लं त्यावरच वाढतात.

जाळी लावली, पिल्लं टाकीत सोडली. आता काच अशी हिरवी झालीय की आतलं काही दिसत नाही. चाळीस जीव आहेत म्हणे. बायकोने शिलाई मशीन टाकीला खेटूनच मांडलंय आणि घरातली सगळी फडकी त्याच्या खणात कुलपात ठेवलीत. किल्ली मागितली तर म्हणाली, "पिल्लं मोठी होऊ देत, मग बघू."

सांगा, तिचं तरी काय चुकलं?