ताकातली पुडी

(सेलूतला डॉक्टर मार्तंडरावांचा दवाखाना, सकाळची वेळ. वालूरचे शेतकरी आबासाहेब बाकावर बसलेत. त्यांची बायको कडूबाई दाराशी.)

मार्तंडराव : मान धरायला हनुवटीला लावलेलं बोट काढा, आबासाहेब. मान मोकळी सोडा.

आबासाहेब : सोडली. बघा, थोडी वळती, पर पयल्यासारखा हिसका न्हाई. पयलं कुणीतरी कान धरून वढायलाय असं व्हायचं. आमच्या पोरीला, तानूला बघायला चारठाण्याचे पाव्हणे आले, तर मी म्हणायलोय पोरगा पसंत हाय, अन् मान न्हाई न्हाई करायलीय. व्याही पानसुपारी तशीच ठिवून उठले.

कडूबाई : मी दाराआडून सांगितलं, त्यांची मानच तशी हाय, तवा कुठं बसले. आता लगीन तोंडावर आलंय. कन्यादानाला मान सरळ राहावी, येवढंच मागणं हाय, डॉक्टरसाब.

मार्तंडराव : औषध नवं आहे. हैद्राबादेहून मागवलं, या भागात तुम्हीच पहिले घेताय. म्हणून खोदून विचारतो. तोंड कोरडं पडतं?

आबासाहेब : न्हाई.

मार्तंडराव : डोळ्यांपुढं धूसर?

आबासाहेब : बिलकुल न्हाई.

मार्तंडराव : कमाल आहे. एवढ्या पुडीनं थोडंफार तरी व्हायलाच पाहिजे.

कडूबाई : तोंड तर माझं वाळायलंय. सुईत दोरा जाईना. म्हणलं, लग्नाची धावपळ, त्यानं असंल.

मार्तंडराव : तुमचं? बाई, पुडी कशातून देता?

कडूबाई : ताकातून. तुमीच सांगितलं की.

मार्तंडराव : आणि ताक सगळं पितात ना हे?

कडूबाई : सगळं कसं पितील? निम्मं ठिवतेत माझ्यासाठी. मी त्यांच्याच ताटात जेवते, मग वाटीबी मीच संपवते.

मार्तंडराव : अहो आबासाहेब, औषध होतं ते.

आबासाहेब : आसंल. पर लगीन झाल्यापासून ताटात हिच्यासाठी ठिवल्याबिगर मी उठलो न्हाई. हात आपसूक थांबतो... हिला काई व्हईल का हो? तसं असंल तर पुड्या फेकून द्या. मान गेली उडत.

कडूबाई : असं कसं गेली उडत? मांडवात लोक काय म्हणतील?

आबासाहेब : म्हणू दे. तू गप बस.

मार्तंडराव : जरा ऐका. बाईंचं बंद केलं की उतरेल, घाबरू नका. आणि तुम्हाला फायदा झालाय तो निम्म्याच पुडीनं. हे मला कुठल्या पुस्तकात सापडलं नसतं. आता निम्मीच घ्यायची, पाण्यातून, एकट्यानं.

कडूबाई : एकट्यानं, पर माझ्या डोळ्यादेखत. न्हाईतर पाणीबी ठिवतील माझ्यासाठी.

आबासाहेब : ठिवीन की. मग कन्यादानाला मान सरळ राहती म्हणा.

मार्तंडराव : राहील असं वाटतं.

आबासाहेब : अन् पोरगी गाडीत बसताना मान खाली गेली तर?

मार्तंडराव : तशी सगळ्याच बापांची जाते. त्याला पुडी नाही माझ्याकडं.