कोपऱ्यातलं नाव

(सांगली, १९९५. मयूरीच्या घरची पुढची खोली. निमिष कराडहून त्याच्या प्रबंधाची कच्ची प्रत घेऊन आलाय.)

मयूरी : ग्राफ चांगलाय, ते कळलं. कोपऱ्यात काय लिहिलंय ते वाच.

निमिष : कुठल्या कोपऱ्यात?

मयूरी : उजव्या, वरच्या. प्रत्येक ग्राफवर आहे.

निमिष : ते होय. ते फाइलचं नाव. आकडे ज्या फाइलीत आहेत, तिचं नाव तो प्रोग्रॅम आपोआप छापतो.

मयूरी : आणि फाइलचं नाव अश्लेषा.

निमिष : अश्लेषा डॉट डॅट.

मयूरी : डॉट डॅटनं माझं समाधान होत नाही.

निमिष : अगं, आमच्या लॅबमधली आहे ती. बीमवर वजन टाकलं की तो किती वाकला ते मी वाचायचो, ती टाइप करायची. फाइलीला आठ अक्षरांच्या वर नाव चालत नाही. इंग्रजीत तिचं बरोबर आठात बसतं.

मयूरी : माझं सहातच बसतं. मोजून बघ.

निमिष : नाव तिनं दिलंय, मी नाही.

मयूरी : बरं. मग ग्राफ कसा काढतात?

निमिष : एकदम सोपं. प्लॉट लिहायचं, पुढं अवतरणात फाइलचं नाव, एंटर दाबायचं. आला ग्राफ. तुझी त्यात अख्खी दुपार जायची.

मयूरी : ते लिहितं कोण?

निमिष : मीच की.

मयूरी : म्हणजे दर वेळी तिचं नाव तूच लिहितोस.

निमिष : आता तू असं धरलंस तर काय बोलायचं?

मयूरी : एवढे दिवस मी काढले तुझे ग्राफ. ट्रेसिंग पेपरवर, शाईनं. आई म्हणायची, डोळे फोडून घेशील. त्यावर कुठं होतं माझं नाव?

निमिष : तुझं नाव कशाला लागतं? सगळ्यांना माहीतच होतं.

मयूरी : तुझ्या सरांना होतं?

निमिष : सरांना नाही.

मयूरी : निमिषचा हात काय सुरेख आहे, म्हणाले होते ते. तूच हसत हसत सांगितलंस. मीही हसले, वेड्यासारखी.

निमिष : तू जळतेस काय गं तिच्यावर?

मयूरी : होय, जळते. तिचं तोंडही बघितलं नाही, तरी जळते. ग्राफ काढून घ्यायला तू दर रविवारी यायचास. साखरपुडा झाला आणि यायचाच बंद झालास.

निमिष : लग्नाच्या आत प्रबंध द्यायचाय. त्याचीच घाई आहे.

मयूरी : कॉम्प्युटरनं काम लवकर होतं म्हणतोस. उरलेला वेळ कुठं जातो मग?

निमिष : बरं, फाइलचं नावच बदलतो. तुझं घालतो.

मयूरी : भांडं आहे काय, जुनं नाव घासून नवं घालायला? आधी कुणाचं होतं ते मला ठाऊक आहे. माझं नको त्यावर.

निमिष : मग कमांडच्या शेवटी नोटायटल लिहितो. कोपरा मोकळा येईल. सगळे परत छापून आणतो, झालं?

मयूरी : पण तिचं नाव लिहावं लागेलच ना तुला?

निमिष : ते लागतंच. त्याशिवाय तो काही काढतच नाही.

मयूरी : मग राहू दे कोपऱ्यात. निदान मला दिसतं तरी.